फाँतेनब्लोच्या अरण्यांतील पायवाटा

पायवाट ही माणसांच्या पायांनीं आपोआप पडते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गुराखी रोज एकाच बाजूनें रानांत शिरतो, पाणी आणणाऱ्या बायका एकाच उतारावरून नदीवर जातात, यात्रेकरू एकाच खिंडींतून डोंगर ओलांडतात, आणि कांहीं वर्षांत गवत झिजून वाट उमटते. अशा वाटेला कोणी कर्ता नसतो. परंतु जी वाट बाजाराला जात नाहीं, देवळाला जात नाहीं, जी केवळ झाडें पाहण्याकरितां काढलेली आहे आणि जेथून निघाली तेथेंच वळसा घेऊन परत येते, ती आपोआप पडत नाहीं. ती कोणाला तरी सुचावी लागते. खुणा करून आंखलेल्या अशा हौशी पायवाटांचा जनक म्हणून ज्याला ओळखतात, तो नेपोलियनच्या सैन्यांतील एक जखमी शिपाई होता. आणि ज्या रानांत त्यानें त्या काढल्या, तें पॅरिसच्या आग्नेयेस सुमारें साठ किलोमीटरांवर असलेलें फाँतेनब्लोचें अरण्य होय. त्याच अरण्यांत, त्याच पिढींत, केवळ सौंदर्याकरितां वृक्ष राखून ठेवण्याचा जगांतील अगदीं आरंभींचा सरकारी निर्णय झाला. या दोन गोष्टी एकाच ठिकाणीं घडल्या हा योगायोग नव्हे. तथापि ज्यांनीं त्या घडवून आणल्या, त्यांचें एकमेकांशीं मुळींच जमत नव्हतें. आणि त्यांच्या त्या मतभेदांतच या इतिहासाचें मर्म आहे.

सरकारी मालकीचें हें अरण्य सुमारें १७,००० हेक्टरांचें, म्हणजे बेचाळीस हजार एकरांच्या आसपास आहे. तीन कोटी वर्षांहून पूर्वीं येथें उथळ समुद्र होता. त्याच्या तळाची शुभ्र वाळू मागें राहिली, तिचा कांहीं भाग घट्ट होऊन वालुकाश्म झाला, आणि पुढें त्यावर चुनखडीचा थर बसला. जेथें ही चुनखडी शिल्लक आहे तेथें सपाट पठारें आणि बरी जमीन आढळते. जेथें ती झिजून गेली तेथें वालुकाश्माचे प्रचंड गोटे कोणीतरी रचून ठेवल्यासारखे एकमेकांवर पडलेले आहेत. खडकाळ भागांत आज पाईन व भूर्ज वृक्ष दिसतात. पठारांवर मात्र ओक आणि बीच या दोन वृक्षांचें राज्य आहे, आणि या कथेंतील बराचसा कलह त्यांच्यासाठींच झालेला आहे.

बीच हा वृक्ष सह्याद्रींत नाहीं. हिमालयांतील बांज ओकाच्या कुळांतलाच तो असला, तरी दिसण्यांत अगदीं वेगळा. खोड सरळ आणि उंच. साल राखी रंगाची व म्हातारपणींसुद्धां इतकी गुळगुळीत कीं जुन्या बीचच्या बुंध्यापाशीं हत्तीच्या पायाची आठवण व्हावी. वसंतांत त्याला पातळ पोपटी पालवी फुटते, उन्हाळ्यांत ती छत धरते, आणि शरदांत सगळें रान तांब्याच्या रंगाचें होतें. त्याची छाया एवढी दाट असते कीं खालीं झुडुपें सोडाच, गवतहि नीट वाढत नाहीं. म्हणूनच बीचवन हें चालण्याला सर्वांत सोपें रान होय. कांटेकुटे नाहींत, वेलींची गुंतागुंत नाहीं. पायाखालीं वर्षानुवर्षांच्या पानांचा मऊ थर आणि दोन्हीं बाजूंना देवालयाच्या खांबांसारखीं खोडें. फाँतेनब्लोच्या एका जुन्या भागाचें नांवच ‘ग्रो-फूतो’ असें आहे. ‘फूतो’ हा बीचसाठीं जुन्या फ्रेंच भाषेंतला शब्द, तेव्हां या नांवाचा अर्थ ‘मोठा बीच’ असा होतो. शेजारच्या ‘ला तिये’चें नांव लिंडन वृक्षावरून पडलें असलें, तरी तेथेंहि आतां बीचचाच वरचष्मा आहे.

शतकानुशतकें या अरण्यांत शिरणाऱ्या कोणालाहि झाडें पाहावयाचीं नव्हतीं. राजाला तेथें शिकार पाहिजे होती. पहिल्या फ्रान्सिसनें १५२८ पासून येथील जुन्या गढीचें भव्य राजवाड्यांत रूपांतर करविलें, तें मुख्यतः या शिकारीच्या ओढीनें. पुढील राजांनीं अरण्यांतून बाणासारखे सरळ रस्ते काढविले व ते चौकाचौकांत ताऱ्याच्या किरणांप्रमाणें एकत्र आणले; कारण घोडेस्वाराला हरणाचा व कुत्र्यांचा माग दुरून दिसला पाहिजे. सरकारी वनाधिकाऱ्याला इमारतीचें आणि जहाजांचें लांकूड पाहिजे होतें. चौदाव्या लुईच्या कारकीर्दींत १६६९ सालीं निघालेली वनांची सनद याच हेतूची होती. पाथरवटाला पॅरिसच्या रस्त्यांत बसवावयाचे दगड हवे होते. भोंवतालच्या खेड्यांतील गरिबाला पडलेल्या काटक्या आणि गुरांना चरावयाला जागा हवी होती, आणि १८२७ च्या वनकायद्यानें त्याचे हे जुने हक्क अधिकच आवळले. चारहि जणांचा अरण्याशीं संबंध होता; परंतु पाहण्यासाठीं पाहणारा पांचवा मनुष्य अजून यावयाचा होता.

क्लोद-फ्रांस्वा देनकूर याचा जन्म १७८८ सालीं पूर्व फ्रान्समधील ओत-सोन प्रांतांत एका खेड्यांत झाला. तरुणपणीं तो नेपोलियनच्या फौजेंत शिरला, लढायांत जखमी झाला आणि सम्राटाच्या पतनानंतर इतर हजारों शिपायांप्रमाणें पोटाच्या मागें लागला. ज्या फाँतेनब्लोच्या राजवाड्यांत १८१४ च्या एप्रिलमध्यें नेपोलियननें राज्यत्याग केला, त्याच गांवीं १८३२ सालीं देनकूर लष्करी बराकींचा द्वारपाल म्हणून येऊन राहिला. त्याचीं मतें उघड लोकपक्षाचीं होतीं. लुई-फिलिपच्या अमदानींत तीं वरिष्ठांना रुचलीं नाहींत, आणि त्याची जागा गेली. वय चव्वेचाळिशीच्या पुढें, उद्योग नाहीं, पायाला जुनी जखम. अशा स्थितींत तो अरण्यांत हिंडूं लागला.

हिंडतां हिंडतां त्याच्या ध्यानांत एक साधी गोष्ट आली. शिकारीचे सरळ रस्ते घोड्यासाठीं होते. ते सपाटीनें धांवत आणि अरण्यांतील जें सुंदर तें बहुधा बाजूला टाकून जात. खडकांच्या घळी, जुन्या वृक्षांचे समूह, टेकडीच्या माथ्यावरून दिसणारा पानांचा समुद्र, हें सर्व पाहण्याला घोडा उपयोगी नाहीं, पाय पाहिजेत. पण वाटाड्याशिवाय पायीं शिरणारा शहरी मनुष्य अर्ध्या तासांत वाट चुकणार. १८३९ सालीं देनकूरनें अरण्याची पहिली मार्गदर्शिका छापली. पुस्तकानें काम भागेना, तेव्हां १८४२ सालीं त्यानें एक पायवाट स्वतःच आंखली आणि ती चुकूं नये म्हणून झाडांवर व खडकांवर निळ्या रंगाचे बाण रंगविले.

आज ही गोष्ट क्षुल्लक वाटते, कारण तिची आतां सर्वत्र संवय झाली आहे. त्या काळीं मात्र ती एक क्रांतीच होती. तोंपर्यंत अनोळखी रानांत हिंडावयाचें तर नोकर, घोडा, वाटाड्या आणि फावला वेळ यांची अनुकूलता लागे. निळ्या बाणानें हें सर्व अनावश्यक केलें. ज्याला वाचतां येतें आणि चालतां येतें, त्याला अरण्य मोकळें झालें. शिवाय देनकूरच्या वाटा मुद्दाम सोप्या केलेल्या असत. जेथें चढ अवघड तेथें तो दगडांच्या पायऱ्या बसवी. जेथें दोन खडकांत चिंचोळी फट तेथें ती रुंद करवी. वाट उगाच सरळ न नेतां नागमोडी फिरवी, म्हणजे वृद्ध माणूस थकूं नये, लांब पायघोळ पोषाखांतील स्त्रिया अडूं नयेत, आणि प्रत्येक वळणावर कांहीं नवें दिसावें. मजुरांचा खर्च तो आपल्या अल्पस्वल्प पुंजींतून आणि मार्गदर्शिकांच्या विक्रींतून भागवी. आरंभीं हें काम त्यानें परवानगीवांचून चालविलें. पुढें वनखात्यानें त्याकडे डोळेझांक केली, आणि शेवटीं तें मान्यहि केलें. १८५१ सालीं त्यानें एका उंच टेकडीवर दगडी बुरूज उभारून त्याला सम्राटाचें नांव दिलें. आज तो देनकूरचा बुरूज म्हणून ओळखला जातो. त्याच्या हयातींत निघालेल्या वाटांची लांबी सुमारें १५० किलोमीटर भरते.

वाटेबरोबर त्यानें नांवेंहि दिलीं. अरण्यांतील शेंकडों वृक्षांना आणि खडकांना त्यानें राजे, कवि, चित्रकार, पुराणांतील व इतिहासांतील व्यक्ति यांचीं नांवें देऊन टाकलीं. कांहीं गुहा त्यानें खोदून वाढविल्या, आणि त्यांच्याभोंवतीं दरोडेखोरांच्या कहाण्या गुंफल्या जाऊं दिल्या. हें करतांना सत्याची काटेकोर चाड त्यानें बाळगली असें म्हणतां येणार नाहीं. पण झाडाला नांव मिळालें म्हणजे तें कोणाचें तरी होतें, आणि नांव असलेलें झाड तोडतांना कुऱ्हाड क्षणभर थबकते, एवढें माणसाच्या मनाचें ज्ञान त्या शिपायाला होतें.

इतक्यांत आगगाडी आली. १८४९ सालीं पॅरिसहून निघालेला लोहमार्ग फाँतेनब्लोला पोंचला, आणि ज्या प्रवासाला घोडागाडीनें जवळजवळ दिवस मोडत असे, तो कांहीं थोड्या तासांचा झाला. कारकून, दुकानदार, शिक्षक, विद्यार्थी असे लोक रविवारीं सकाळीं गाडींत बसत, खिशांत देनकूरची पुस्तिका ठेवून निळ्या बाणांमागें हिंडत, आणि रात्रीं घरीं परतत. या नव्या प्रकारच्या सहलीचें चित्र गुस्ताव्ह फ्लोबेर यानें १८६९ च्या आपल्या ‘भावनिक शिक्षण’ या कादंबरींत काढलेलें आहे. १८४८ च्या जूनमध्यें पॅरिसच्या रस्त्यांत रक्त सांडत असतां तिचा नायक आपल्या सखीसह या अरण्यांत नामांकित वृक्ष पाहत फिरतो. जगाकडे पाठ फिरविण्याचें ठिकाण म्हणून अरण्य एवढें सुलभ झालें होतें कीं कादंबरीकाराला त्यांतील उपरोध वापरतां आला.

याच अरण्याच्या पश्चिम कांठावर बार्बिझाँ नांवाचें एक लहान खेडें आहे. १८३० च्या सुमारापासून पॅरिसचे तरुण चित्रकार तेथें येऊं लागले. चित्रशाळेंत बसून ग्रीक पुराणांतील देखावे रंगविण्यापेक्षां उघड्यावर बसून खरें झाड रंगवावें, असा त्यांचा आग्रह. कोरो आला, मिये आला. परंतु अरण्याशीं सर्वस्वीं एकरूप झाला तो तेओदोर रूसो. १८१२ सालीं जन्मलेला हा चित्रकार प्रसिद्ध तत्त्वज्ञाहून वेगळा. नामसाम्य तेवढें आहे. त्याची चित्रें पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनांतून वर्षानुवर्षें परत येत, आणि तो अधिकाधिक काळ ओक व बीच यांच्या संगतींत घालवी. एकेका वृक्षाचें तो जणूं व्यक्तिचित्र काढी.

ज्यांवर त्याचा जीव जडला होता तींच झाडें तोडलीं जात होतीं. वनखात्याचा हिशेब वेगळा होता. जुना बीच म्हणजे पोकळ झालेलें, वाढ खुंटलेलें, जागा अडविणारें लांकूड. तें काढून तेथें तरुण रोपें वाढवावीं हेंच शास्त्र. उजाड, वालुकामय जमिनीवर १८३० नंतरच्या काळांत हजारों हेक्टर पाईन लावण्यांत आले. या अधिकाऱ्यांना अरसिक ठरविणें सोपें आहे. परंतु त्यांच्यापुढें गुरांनीं व शिकारीच्या जनावरांनीं खाऊन ओसाड केलेली जमीन होती आणि सरपणासाठीं हात पसरून बसलेलें पॅरिस होतें. रूसोला मात्र तोडीचा आवाज सहन होईना. १८४७ सालीं त्यानें वृक्षतोडीचें एक चित्र हातीं घेतलें आणि त्याला ‘निरपराध्यांची कत्तल’ असें नांव दिलें. बायबलांत राजा हेरोदानें तान्ह्या मुलांच्या केलेल्या संहाराला हेंच नांव आहे. चित्र अपुरेंच राहिलें. तें आज हेग येथील मेस्दाख संग्रहांत आहे.

१८५२ सालीं रूसोनें सर्व कलावंतांच्या वतीनें नेपोलियन तिसऱ्याचा सावत्र भाऊ मोर्नी याच्याकडे अर्ज केला. मागणें असें कीं जेथें चित्रकार शिकतात आणि जेथें देशाचें सौंदर्य सांठलेलें आहे, ते जुने भाग तोडींतून वगळावेत. अर्जाचा उपयोग झाला. १८५३ सालीं ६२४ हेक्टर रान कुऱ्हाडीपासून बाजूला ठेवण्यांत आलें. १३ ऑगस्ट १८६१ च्या बादशाही आज्ञेनें ही मर्यादा १,०९७ हेक्टरांपर्यंत वाढली, आणि त्या भागाला ‘कलाविभाग’ असें नांव मिळालें. ला तिये आणि ग्रो-फूतो येथील जुन्या बीचांना राजाश्रय मिळाला तो या मार्गानें. अमेरिकेंतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान १८७२ सालीं स्थापन झालें, म्हणजे या आज्ञेनंतर अकरा वर्षांनीं. लांकडाच्या दृष्टीनें निरुपयोगी झालेला वृक्ष केवळ पाहण्यासारखा आहे म्हणून सरकारनें राखावा, हा विचार प्रथमच शासनाच्या भाषेंत उतरला.

आतां देनकूर आणि रूसो हे एकाच ध्येयाचे सहकारी असावेत असें वाटेल. वस्तुस्थिति उलट होती. बार्बिझाँच्या चित्रकारांना देनकूरचे निळे बाण म्हणजे सुंदर मुखावर ओढलेले ओरखडे वाटत. अरण्याचें सारें मोल त्याच्या एकांतांत आहे, असें त्यांचें मत. आणि हा मनुष्य तर दर रविवारीं गाडी भरून गर्दी आणीत होता, खडकांना पाट्या लावीत होता, गुहा खोदीत होता. देनकूरच्या दृष्टीनें एकांत ही मूठभरांची चैन होती. ज्याला खेड्यांत बिऱ्हाड करून महिनोन् महिने राहतां येतें त्यालाच अरण्य दिसावें, आणि सहा दिवस कचेरींत खपणाऱ्याला त्याची एक दुपारहि मिळूं नये, हा न्याय त्याला मान्य नव्हता. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. आणि आजहि जगांत जेथें जेथें रान राखलेलें आहे तेथें तेथें हाच वाद निराळ्या शब्दांनीं चालूं आहे.

साहित्यिकांनीं देनकूरची बाजू उचलली. १८५५ सालीं त्याच्या सन्मानार्थ एक ग्रंथ निघाला. त्यांत व्हिक्टर ह्यूगो, लामार्तिन, जॉर्ज सांद, नेर्व्हाल, गोतिये आदि बेचाळीस लेखकांचें लिखाण होतें. गोतियेनें त्याला ‘सिल्व्हें’, म्हणजे वनदेव, असें म्हटलें आणि तें नांव त्याला कायमचें चिकटलें. मौज अशी कीं याच ग्रंथांत बोदलेरचीं पहिलीं गद्यकाव्यें प्रसिद्ध झालीं, आणि त्यासाठीं लेखन मागणाऱ्या संपादकाला त्या कवीनें कळविलें होतें कीं वनस्पतींविषयीं आपलें मन द्रवूं शकत नाहीं. एका बराकीच्या माजी द्वारपालासाठीं फ्रेंच वाङ्मयांतील एवढीं नांवें एकत्र आलीं, हें त्या पायवाटांच्या लोकप्रियतेचेंच प्रमाण होय.

या लोकप्रियतेचें खरें मोल पुढें कळून आलें. बादशहानें दिलेली आज्ञा बादशाहीबरोबर दुबळी होते. १८७० सालीं नेपोलियन तिसऱ्याचें राज्य कोसळलें. प्रशियाशीं झालेल्या युद्धानें देश कर्जांत बुडाला. आणि सरकारी रानांतील लांकूड विकून पैसा उभारण्याचे विचार सुरू झाले. रूसो १८६७ सालींच वारला होता. अर्ज कोणीं करावा? १८७२ सालीं अरण्याच्या कलादृष्ट्या संरक्षणासाठीं एक समिति स्थापन झाली. तिला ह्यूगोचा पाठिंबा मिळाला, आणि जॉर्ज सांदनें ‘ल ताँ’ या वृत्तपत्रांत लेख लिहून तिचा पक्ष मांडला. तिच्या प्रतिपादनाचा रोख लक्षांत घेण्यासारखा आहे. अरण्य चित्रकारांना हवें म्हणून राखा, असें ती म्हणत नाहीं. त्याच्या सौंदर्यावर सर्वांचा हक्क आहे म्हणून राखा, असें म्हणते. वीस वर्षांपूर्वीं रूसोनें कलावंतांचा हक्क मागितला होता. आतां त्याच झाडांसाठीं सर्व जनतेचा हक्क पुढें करण्यांत आला. मधल्या काळांत निळ्या बाणांमागें चालून गेलेल्या हजारों लोकांवांचून हा पालट समजत नाहीं. ज्यांनीं अरण्य कधीं पाहिलेंच नसतें, त्यांच्या हक्काची भाषा कोणाला सुचली असती? पुढें १८९२ आणि १९०४ सालीं कलाविभाग आणखी वाढवून १,६९२ हेक्टरांपर्यंत नेण्यांत आला.

देनकूर १८७५ सालीं, ८७ व्या वर्षीं, फाँतेनब्लो येथें निवर्तला. त्याच वर्षाच्या आरंभीं बार्बिझाँ येथें मियेनेंहि देह ठेवला होता. देनकूरच्या मागून शार्ल कोलिने यानें वाटांचें काम हातीं घेतलें, तें जाळें पुष्कळ वाढविलें आणि १९०५ सालीं मरण येईपर्यंत मार्गदर्शिकाहि चालूं ठेवली. १९०७ सालीं ‘फाँतेनब्लो अरण्याच्या मित्रांची संस्था’ स्थापन झाली. आजहि तिचे स्वयंसेवक रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन पुसट झालेले निळे बाण पुन्हां उजळवीत असतात. या वाटांना देनकूर-कोलिने वाटा असेंच म्हणतात.

यापुढील प्रकरण अधिक गंभीर आहे. झाड तोडूं नये एवढें ठरलें म्हणजे झाड वांचलें, अशी कलाविभागाच्या जन्मदात्यांची कल्पना होती. चित्रकाराला वृक्ष जसा दिसला तसाच तो सदैव राहावा, हा त्यांचा हेतु. परंतु अरण्य म्हणजे चौकटींतील चित्र नव्हे. या जुन्या रानांत प्रारंभीं ओक पुष्कळ होते. ओकाच्या रोपाला ऊन लागतें. बीचचें रोप दाट सावलींतहि तग धरतें. कुऱ्हाड थांबली, गुरें थांबलीं, आणि सावली दाट होत गेली. म्हातारे ओक एकामागून एक मेले आणि त्यांच्या जागीं बीच चढले. म्हणजे जें संरक्षण मुख्यतः ओकांच्या प्रेमानें मिळविलें, त्याचा लाभ अखेर बीचांना झाला. आणि बीच तरी अमर कोठें आहे? तीनशें वर्षें म्हणजे त्याच्या आयुष्याची बहुधा परमावधि. १९६७ च्या व १९९० च्या वादळांनीं ला तियेमधील अनेक जुने बीच आडवे केले.

तोंपर्यंत काळाची दृष्टिहि पालटली होती. १९४८ च्या ऑक्टोबरमध्यें फाँतेनब्लोच्याच राजवाड्यांत अनेक राष्ट्रांचे व शास्त्रीय संस्थांचे प्रतिनिधि जमले आणि त्यांनीं निसर्गसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघाची स्थापना केली. पुढें कांहीं काळ तो जागतिक संरक्षणसंघ म्हणूनहि ओळखला जात असे. १९५३ सालीं ला तिये व ग्रो-फूतो यांसारखे भाग जीवशास्त्रीय राखीव क्षेत्रें ठरले, आणि १९६७ सालीं जुना कलाविभाग रद्द झाला. सौंदर्याऐवजीं जीवन हें आतां संरक्षणाचें कारण झालें. पडलेला बीच उचलावयाचा नाहीं. त्याच्या खोडांत बुरशी शिरते, भुंगेऱ्यांच्या अळ्या पोखरतात, काळा सुतारपक्षी भोंकें पाडतो. छतांत पडलेल्या भगदाडांतून ऊन खालीं येतें आणि वर्षानुवर्षें सावलींत खुंटून राहिलेलीं रोपें एकदम उसळतात. वनाधिकाऱ्याला जो वृक्ष एके काळीं निरुपयोगी आणि चित्रकाराला भव्य वाटे, तो शास्त्रज्ञाला आतां मेल्यानंतर सर्वांत मोलाचा वाटूं लागला.

याचा परिणाम पायवाटांवर झाल्याशिवाय राहिला नाहीं. जेथें वाळलेली फांदी कोणी काढीत नाहीं, तेथें ती केव्हां कोणाच्या डोक्यावर पडेल याचा नेम नसतो. म्हणून पूर्ण राखीव भागांत चालणाऱ्यानें वाट सोडून आंत शिरावयाचें नाहीं, असा नियम आहे. रूसोला हवा होता तो एकांत अशा प्रकारें अखेर मिळाला. तो चित्रकाराला नव्हे, झाडांना मिळाला. आणि देनकूरचा लोकसमूहहि अरण्याला पारखा झालेला नाहीं. हजारों हेक्टरांवर त्याच्या व त्याच्या वारसांच्या वाटा मोकळ्या आहेत. एकानें मागितलेलें दार बंद आहे, दुसऱ्यानें उघडलेलें दार उघडें आहे, आणि अरण्याला दोहोंची गरज होती.

१९९८ सालीं युनेस्कोनें हा प्रदेश जीवावरण क्षेत्रांत घेतला, आणि २००२ सालीं अरण्याला ‘संरक्षक वन’ हा कायदेशीर दर्जा मिळाला. त्यामुळें रस्ते व इमारती यांसाठीं जमीन तोडून घेणें दुर्घट झालें. तथापि नव्या संकटावर कायद्याचा अंमल चालत नाहीं. दरवर्षीं लक्षावधि पावलें वाळूचे उतार झिजवितात आणि झाडांचीं मुळें उघडीं पाडतात. बीचला ओलावा प्रिय. वाढत्या उष्णतेचे व अवर्षणाचे उन्हाळे त्याला सोसत नाहींत, आणि फाँतेनब्लोची वालुकामय भूमि पाणी फार काळ धरून ठेवीत नाहीं. कुऱ्हाड एका सहीनें थांबविता आली; आकाशाच्या तापाला तसें थांबवितां येत नाहीं.

बार्बिझाँच्या बाजूनें अरण्यांत शिरतांच एका मोठ्या खडकांत बसविलेलें कांस्याचें पदक दिसतें. शिल्पकार शापू यानें १८८४ सालीं घडविलेल्या त्या पदकांत रूसो आणि मिये यांचे चेहरे शेजारीं शेजारीं आहेत. देनकूरचें स्मारक शोधावयाला तितकेंहि श्रम नकोत. तें झाडांच्या बुंध्यांवर व खडकांच्या अंगावर, दर थोड्या पावलांवर, निळ्या रंगांत उमटलेलें आहे. आणि पावसानें तें पुसट झालें म्हणजे कोणीतरी येऊन पुन्हां रंगवून जातो.